कमरखाचा पाला

डॉक्टरीणबाईंनी मिएनचा चेहरा नीट न्याहाळला. बिब्बा उतावा तसा तो लालभडक सुजला होता. मग त्यांनी शेजारी बसलेल्या सासूच्या, थोआच्या हातांकडे पाहिलं.

"हे रोगणाच्या झाडाच्या चिकाचंच आहे."

"कसं असेल?" थोआ फणकारली. "लग्न होऊन आली, रोगणाच्या तबकांना हात लावला आणि हिला चिकानं खाल्लं. तेव्हापासून मी हिला कारखान्याचं दार दाखवलेलं नाही. भात रांधते, घरात बसते. कोळंबी बंद, खेकडा बंद. तरी उतार नाही. गाव म्हणतं, रोगणवाल्यांच्या घरात ही नांदायची नाही. आज गुण आला नाही, तर उद्या माहेरी पोचवणार."

"चेहऱ्याला काय लावता?"

"कमरखाचा पाला उकळून त्याचं पाणी. रोज संध्याकाळी. मी स्वतः चोळते, दुसऱ्या कुणावर सोपवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन उताणा केला. नखांत काळं, भेगांत काळं. थोआ दिवसभर ओला चीक घोटायची आणि संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्यानं पुसला की तिच्या लेखी हात स्वच्छ. तिला स्वतःला चीक जन्मात कधी बाधला नव्हता.

"पाला बंद. मलम हिचं हिनं लावायचं. आणि काकू, साबणानं हात धुवून, कपडे बदलल्याशिवाय हिच्याजवळ जायचं नाही. उशी, पंचा सगळं वेगळं. चीक लांब राहिला तर बरी होईल, माहेरी कशाला धाडता?"

थोआला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूज वाढेल तशी ती आणखी जोर लावून चोळत आली होती. आपल्या हातांचं पाप, आणि घालवून देणार होती पोरीला.

बाहेर ओसरीवर आल्यावर तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुझं तोंड मीच जाळलं गं. झोंबत नव्हतं का?"

"झोंबायचं की. तुमचा हात लागला की जास्तच. मला केव्हाच कळलं होतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

मिएननं सुजलेल्या पापण्या कशाबशा उघडल्या.

"दिवसभर तुमची हाक 'ए' अशीच असते. पाला लावताना तेवढं मला 'बाळ' म्हणता."