कुरडया वाळेपर्यंत

बंद कारखान्याच्या अंगणात सावित्राक्का कुरडया घालून उठते न उठते तोच तलाठी भाऊसाहेब फाटकाशी हजर झाले.

"आक्का, कंपनी विसर्जित झाली. जमिनीला मालक उरला नाही, म्हणजे ती सरकारजमा. ताबा घ्यायला आलोय, हे वाळवण आवरा."

गावात एवढी सपाट, स्वच्छ फरशी दुसरी नव्हती. पण आक्का तोंड उघडायच्या आत पहाऱ्याचा यंत्रमानव आडवा आला. याच यंत्रमानवानं कित्येक वर्षं भोंगा वाजवून तिला इथून हाकललं होतं. कंपनी बुडाली, हुकूम यायचे थांबले, आणि त्याला काही रिकामं बसवेना. शेवटी त्यानंच तिला विचारलं, "आता मी काय राखू?" आक्का म्हणाली होती, "माझं वाळवण राख. ओलं आहे तोवर कुणाला पाय ठेवू देऊ नको."

"मागे व्हा," तो भाऊसाहेबांना म्हणाला. "कुरडया ओल्या आहेत."

"अरे, मी सरकारचा माणूस!"

"कावळ्यांनाही हेच सांगतो," असं म्हणून त्यानं भोंगा वाजवला. भाऊसाहेब एक चप्पल तिथंच टाकून रस्त्यापलीकडे पळाले.

तिथून त्यांनी ओरडून विचारलं, "आक्का, वाळणार तरी कधी या?"

वर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. आक्कानं डोक्यावर पदर ओढला.

"काय सांगावं, भाऊसाहेब? यंदा ऊनच नाही."