पुढची तारीख

वकील आजोबांनी शेवटपर्यंत घर फुटू दिलं नाही. जेवताना मुलांची जुंपली, की ते टेबलावर थाप मारून फर्मावायचे, "पुढची तारीख रविवारची." रविवारपर्यंत सगळं शांत व्हायचं आणि नातीला आजोबा जादूगार वाटायचे. ते गेले आणि आठवड्याभरातच काकांनी बॅग भरली. "घर विकून माझा वाटा दे," काका गुरगुरले. "आधी तोंड काळं कर," बाबा म्हणाले. मधे घुसून नातीने थाटात टेबलावर थाप मारली. "पुढची तारीख रविवारची. दोघांनी हजर राहायचं." काकांनी बॅग खाली ठेवली. तिला वाटलं, जमलं. "चिमणे," काका म्हणाले, "आजोबांनी जन्मात एक निकाल दिला नाही, नुसत्या तारखा दिल्या. आम्ही काहीच विसरायचो नाही गं, त्यांच्यासाठी गिळायचो." तिने आशेने बाबांकडे पाहिलं. "खरंय त्याचं," बाबा म्हणाले. भावांचं त्या दिवशी तेवढंच पटलं.