पहिला वाटा

पहिला बर्फ पडला, तशी राइली टोरांटोहून दोन दिवसांसाठी थंडर बे या गावी वडिलांकडे आली. गॅरेजचं दार उघडताच तिने नाकाला स्कार्फ लावला. घोड्याहून थोराड अशा मूस-हरणाच्या चार सोललेल्या तंगड्या आढ्याला टांगलेल्या, खाली रक्ताचं थारोळं, आणि शेजारचा रेइनो कोपरापर्यंत हात बरबटवून मांस कापत होता. तिचे वडील बाजूला स्टुलावर कॉफी पीत बसले होते.

"शी, ओकारी येतेय मला. बाबा, यांना खाटीकखाना मांडायला तुमचंच गॅरेज सापडलं?"

"शिकार मिळाली की वाटे घालावे लागतात, पोरी," कागदात मांस गुंडाळत रेइनो म्हणाला. "आमच्या गल्लीत पहिला वाटा ज्याचं कोणी नाही त्याचा."

"म्हणजे ज्याचं कोणी नाही, त्याच्या गळ्यात ही घाण मारायची? किळस येते मला तुम्हा लोकांची."

रक्ताने ओलं झालेलं ते पुडकं रेइनोने तिच्या वडिलांपुढे धरलं.

वडिलांनी हात पुढे केला नाही. "ती परवा जाईल," ते हळूच म्हणाले. "मग दे."