गालातला फोड

"आ करा, बाबा," दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला. गालाच्या आत वाटाण्याएवढा काळपट फोड, रक्ताने टच्च भरलेला. जिभेखाली आणखी दोन.

"गरम चहाने भाजलं असेल का? की कवळी घासते?" सुनेने विचारलं.

"भाजल्याचं दिसत नाही. कवळीही नीट बसलीय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? आजच रक्त तपासा."

रक्त हवं त्याच्या दुपटीने पातळ निघालं.

"गोळ्या कोण देतं?" घरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"मीच."

सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. वेलांटी पहिली की दुसरी, यात तिची कधी चूक होत नसे. घरात दोघांना तीच गोळी होती: सासऱ्यांचे ठोके चुकत म्हणून, सासूबाईंच्या हृदयातल्या कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. रोज दोन वाट्यांत एकेक गोळी काढून ठेवायची आणि वाट्या रिकाम्या दिसल्या की कामाला निघायचं, हा तिचा नेम.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, घाईत बाबांना दोनदा दिली असशील. होतं असं."

ते "होतं असं" तिच्या जिव्हारी लागलं.

डॉक्टरांनी सासऱ्यांची गोळी बंद केली. सुनेने डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. आता रोज एकच वाटी, सासूबाईंची.

पाचव्या दिवशी सासऱ्यांच्या ओठाआड नवा फोड आला.

तिने त्यांना गॅलरीत गाठलं. "बाबा, खरं सांगा. गोळी कुठून घेता?"

सासरे ओशाळले. "अगं, हिला ती नको असते. मळमळतं म्हणते. वाटी भरलेली दिसली की तू रागावणार. आणि महागाचं औषध कचऱ्यात टाकवत नाही गं. म्हणून तिच्या वाटणीची मीच घेतो."

"कधीपासून?"

"झाले असतील दोन महिने."

सून आतल्या खोलीकडे धावली. सासूबाई आरशासमोर बसल्या होत्या. हातातला कंगवा खाली पडला होता. त्या तो उचलू पाहत होत्या, पण उजवा हात मांडीवरून हलत नव्हता.

"माझं राहू दे," त्या जड जिभेने बोबडं बोलल्या. "आधी ह्यांचं तोंड बघ."