परतीचा डबा

"आजी, आज तरी माझा डबा द्या हो," सुलभा काकुळतीनं म्हणाली. दर गुरुवारी ती वृद्धाश्रमात गप्पा मारायला यायची. तीन आठवड्यांपूर्वी तिनं द्वारकाआजींना आईच्या छोट्या स्टीलच्या डब्यातून लाडू आणले होते. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं. आई गेल्यावर तिची तेवढीच खूण उरली होती.

आजी ओशाळल्या. "रिकामा कसा देऊ गं? इथं माझं स्वयंपाकघर कुठाय?"

सुलभाला आई आठवली. शेजारणीचा डबा परत करताना आईसुद्धा फडताळं धुंडाळायची. काहीच मिळालं नाही, तर मूठभर साखर तरी घालायची, पण रिकामा डबा कधी द्यायची नाही.

"राहू द्या, आजी. सावकाश द्या."

तेवढ्यात मावशी चहा देऊन गेल्या. इथं साखर वेगळी, पुडीतून मिळायची. आजींनी उशीमागून डबा काढला. त्यात साखर होती, जवळजवळ काठापर्यंत. त्यांनी आजची पुडी फोडून त्यात ओतली, झाकण लावलं आणि डबा सुलभाच्या हातात ठेवला.

"आता ने," त्या म्हणाल्या आणि फिका चहा पिऊ लागल्या.