रिकाम्या गावाचं स्वप्न

कातळवण्याची जमीन स्वप्न पाहत होती, आणि जमिनीची स्वप्नं दाखवणारी पट्टी कपाळाला बांधून वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे बसलेली मूल्यांकन अधिकारी रेवती तेच स्वप्न बघत होती. शंभर वर्षांनंतरचं गाव. त्यात माणसं दिसली तर गाव राहणार, नाही दिसली तर सरकार ते आत्ताच उठवणार.

माणसं नव्हती. दारं मिटलेली, गोठे रिकामे, विहिरी मात्र काठोकाठ.

आजही गाव तसंच रिकामं होतं. गावपळण होती. दर चार वर्षांनी तीन दिवस गाव देवाच्या हवाली करायचं आणि गुरांकोंबड्यांसकट ओढ्यापलीकडे राहुट्यांत राहायचं.

"काय दिसता गो?" शेजारच्या राहुटीसमोर चुलीपाशी बसलेल्या गावातल्या कुमुदकाकीने विचारलं.

"कोणीच नाही, काकी."

"मगे आमी खय मेलंव?"

रेवतीने पुन्हा डोळे मिटले. ती स्वप्नातल्या एका अंगणात शिरली. सारवण अजून ओलसर होतं. उंबऱ्यावर ताजी रांगोळी होती. आणि ओढ्यापलीकडून धुराचा वास येत होता, गुरांच्या घंटा, कुणा बाईचं खोखो हसणं.

"आहात की, काकी! तेव्हाही गावपळणीलाच आलाय सगळे."

"मगे लिव तसा," काकी भाकरी उलटत म्हणाली. "परवा घराक जातंव म्हणान."