दुरुस्तीला दिलेलं मशीन

“तुम्ही बाहेर थांबायचं,” नोंदणी अधिकारी बाई म्हणाल्या.

भाच्याचं हसू जागच्या जागी थिजलं. “अहो मॅडम, माझ्या आत्याला ढिम्म ऐकू येत नाही. तुमचं बोलणं मीच तिला समजावणार ना! आमच्यात काही परकेपणा नाही.”

“म्हणूनच बाहेर थांबायचं. म्हातारं माणूस राहतं घर दुसऱ्याच्या नावावर करायला निघालं, की आम्ही त्याच्याशी एकट्याशी बोलतो. या कचेरीचा नियमच आहे तसा. मी पाटीवर लिहून विचारेन. कानाचं मशीन नाही का यांना?”

“आहे की. दुरुस्तीला दिलंय.”

थाप मारताना भाच्याची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती. मशीन त्याच्याच खिशात होतं, किल्ल्यांच्या जुडग्याखाली. आधी म्हणे सेल संपले, मग म्हणे बिघडलं, मग दुकानदार गावाला गेला. कारणांना काय तोटा! मशीन गेलं तशी आत्या चार माणसांतून उठली. फोन बंद झाला, शेजारणी यायच्या थांबल्या, पासबुक आणि कपाटाची किल्ली अलगद भाच्याकडे आली. सुरुवातीला ती रोज विचारायची, “बाळा, माझं मशीन कधी रे येणार?” मग एक दिवस विचारायचीच थांबली. भाच्याला वाटलं, विसरली.

मग तर त्याला रान मोकळंच मिळालं. तिच्यासमोर बसून, तिचंच अन्न खात, तो तिच्याच घराचा भाव ठरवायचा. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. बघेना का! भिंतीला कान असतात म्हणतात, पण या भिंतीला तेही नव्हते.

घर दोनच खोल्यांचं, पण तिच्या घामाचं. अख्खी उमर तिने कापडाच्या कारखान्यात मागावर काढली होती. शेकडो माग एकदम खडखडायचे, कान तिथेच गेले. तिची मागावरची जोडीदारीण समोरच्याच इमारतीत राहायची. दोघी आपापल्या गॅलरीत बसून, मधे एवढा रस्ता, नुसती तोंडं हलवायच्या. आवाज नाही, काही नाही. मधेच खो खो हसायच्या. “बघ बघ, हवा चघळतायत दोघी,” भाचा बायकोला म्हणायचा. जोडीदारीण वारली आणि तो खुळेपणाही संपला.

आज त्याने कागदावर लिहून दाखवलं होतं, ‘पेन्शनचं काम आहे.’ आत्याने मान डोलावली आणि चपला घातल्या होत्या.

आता ती काचेच्या केबिनमध्ये बसली होती आणि हा बाहेर. तिची खुर्ची काचेकडे पाठ करून होती. एकदम आत्या उठली. खुर्ची ओढून तिने काचेकडे तोंड केलं आणि पुन्हा बसली. बाई काहीतरी म्हणाल्या, पण आत्या हलेना. घाबरली बिचारी, भाच्याच्या मनात आलं, मी दिसलो नाही की जीव कासावीस होतो हिचा. त्याने तोंडभर हसून हात हलवला.

बाईंनी पाटीवर लिहिलं. आत्याने वाचलं, काहीतरी बोलली, मान हलवली. हो म्हणाली की नाही? काच जाड, आतला एक शब्द बाहेर येत नव्हता. एवढी एक सही झाली की गंगेत घोडं न्हालं. आणि नाही झाली, तर दलालाकडून घेतलेला विसार परत कुठून करणार? तो तर कधीच उडाला होता.

तेवढ्यात दलालाचाच फोन. “झालं का?”

“होतंय रे, जरा दम धर.” आत्या बघत होती, म्हणून त्याने हसू तसंच ठेवलं. “सही झाली की घर तुझं.”

“आणि म्हातारी?”

“तिला आज संध्याकाळीच आश्रमात टाकून येतो. लांबचा बघितलाय. परतीचा रस्ता तिला सापडायचा नाही.”

आत आत्याचे ओठ हलत होते. लागली पुटपुटायला, आता मॅडमना वेडी वाटू नये म्हणजे मिळवली! पण मॅडमनी पाटी बाजूला ठेवली होती. त्यांचं पेन भराभर चाललं होतं. मागे उभा असलेला कारकून आ वासून आत्याकडे बघत होता.

“तिने तिथे कचेरीतच बोंब मारली म्हणजे?”

“कशाची बोंब! पेन्शनचं काम म्हणून आणलंय तिला. आणि मशीन आहे माझ्या खिशात.”

बाईंनी मान वर केली. काचेतून त्यांनी थेट भाच्याच्या खिशाकडे बघितलं. मग घराचा कागद आत्यासमोरून उचलून खणात टाकला आणि खण लावून घेतला.

भाच्याचा हात खिशावर गेला. आतलं बाहेर येत नाही, तर बाहेरचं आत गेलं कसं? आणि त्याला त्या दोन गॅलऱ्या आठवल्या. हलणारी तोंडं आठवली, ते हसणं आठवलं. एवढे माग कानठळ्या बसवत असताना त्या बायका जन्मभर एकमेकींशी बोलल्या कशा असतील, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला.

“हॅलो? अरे, बोल की पुढे!” दलाल ओरडत होता.

भाचा बोलायचा थांबला. काचेपलीकडे आत्याचे ओठही थांबले.